वाचकांचे प्रश्न: गोठ्यातल्या उड्या मारणाऱ्या माश्या आणि काळा आजार

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. आमचं घर मातीचं, माळवदाचं, गोठा घराला लागूनच. पावसाळा लागला की संध्याकाळी भिंतीवर बारीक मातकट माश्या दिसतात, नीट उडत नाहीत, उड्याच मारतात, आवाज काहीच नाही पण लेकरं रात्रभर खाजवतात. मोबाईलवर बिहारच्या काळा आजाराचं वाचलं, अशाच माशीच्या चाव्यानं होतो, ताप हटत नाही आणि पाणथरी (प्लीहा) वाढते म्हणे, आणि घाबरलो. ग्रामपंचायत धूर मारून गेली, नालीत ऑइल टाकलं, फरक शून्य. म्हशींपासून लेकरांना हा आजार होईल का?
– एक शेतकरी, ता. कळमनुरी, जि. हिंगोली

उत्तर: दादा, वर्णनावरून ही वाळूमाशीच वाटते. टॉर्च लावून बघा, बसल्यावर दोन्ही पंख इंग्रजी व्हीसारखे उभे ठेवत असेल तर तीच. दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. चावते फक्त मादी, अंडी पिकवायला रक्त लागतं म्हणून, एरवी नर-मादी दोघंही झाडाझुडपांच्या गोड रसावर जगतात.

नालीत ऑइल टाकून फरक पडणारच नव्हता, कारण ही माशी पाण्यात वाढतच नाही. अंडी घालते ती ओलसर अंधाऱ्या मातीत, जिथं शेण, पालापाचोळा कुजलेला असतो, म्हणजे गोठ्याचा कोपरा, गव्हाणीखालची फट, उंदराचं बीळ, भिंतीच्या बुडाची भेग. अळी तिथंच कुजकं खाऊन वाढते आणि अंड्यापासून माशी व्हायला साधारण महिना-दोन महिने जातात. दिवसा माशी भेगांमधे दडून बसते, मग मोकळ्या गल्लीत धूर मारून तिला काय होणार? धुराची गाडी आली की गावाला काहीतरी झाल्यासारखं वाटतं एवढंच, माझं तर स्पष्ट मत आहे की तोच पैसा भिंतीवरच्या फवारणीला लावावा. ही माशी कमजोर असते, वारं असलं की उडत नाही आणि जमिनीलगतच राहते, म्हणून बिहारमधे घर आणि गोठ्याच्या भिंती आतून सहा फुटांपर्यंतच फवारतात. आधी डीडीटी मारायचे, माश्या त्याला दाद देईनाशा झाल्या तसं औषध बदललं.

आणि एक आपल्याकडची गडबड. फवारणी झाली की पंधरा दिवसांत सण येतो आणि बाया सगळ्या भिंती पांढऱ्या मातीनं पोतारून काढतात, औषध गेलं मातीखाली! आधी भेगा बुजवून पोतारून घ्या, मग फवारणी करा, नंतर दोन-तीन महिने भिंतीला हात लावू नका.

आता म्हशी. बिहारच्या काळा आजाराचा जंतू, लिशमानिया डोनोव्हानी, आपल्या देशात माणसातून माशीत आणि माशीतून माणसात असाच फिरतो, म्हशीकडून तो येत नाही. तिथली माशी गाईम्हशींचं रक्त आवडीनं पिते हे मात्र खरं, त्यामुळं गोठा माणसाला वाचवतो की माश्या वाढवतो यावर अभ्यासांचे निकाल दोन्हीकडून आलेत. झोपायची खोली गोठ्यापासून लांब ठेवा आणि शेण रोज उचला, एवढं मात्र नक्की करा.

माशी जंतू पोचवते कशी ते मजेशीर आहे. पोटात जंतू इतके वाढतात की हप्त्याभरात तिच्या घशाशी चिकट बोळा तयार होतो, रक्त नीट ओढता येत नाही, मग ती परत परत चावते आणि तो बोळा आपल्या कातडीत ओकते. हा जंतू 1903 मधे लिशमन आणि डोनोव्हान यांनी दाखवला, पण माशीच तो पसरवते हे पक्कं व्हायला 1942 उजाडलं, मधल्या काळात ढेकणावरसुद्धा संशय होता! प्रयोगातल्या माश्यांचं गाडं अडत होतं, पहिल्या रक्तानंतर त्यांना परत रक्त न देता मनुके खायला दिले तेव्हा कुठं त्यांच्यात जंतू नीट वाढले, आणि मग स्वामिनाथ, शॉर्ट, अँडरसन यांनी आसाममधे अशा माश्या स्वयंसेवकांना चावू देऊन सिद्ध केलं.

मराठवाडा काळा आजाराच्या पट्ट्यात नाही, तो बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्वेकडचा उत्तर प्रदेश. आपल्याकडं वाळूमाशीची खरी धास्ती लेकरांच्या मेंदूला सूज आणणाऱ्या चांदिपुरा व्हायरसची. तो पहिल्यांदा 1965 मधे नागपूरकडंच सापडला, 2003 मधे आंध्र आणि महाराष्ट्रात, 2024 मधे गुजरातेत साथ आली. लेकराला अचानक जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

प्रश्न: साधी मच्छरदाणी चालेल का?
– एक गृहिणी, परभणी

उत्तर: ताई, डासांच्या जाळीतून ही माशी आरामात आत येते. बारीक जाळीत गरम फार होतं. औषध लावलेली जाळी बरी, पण बिहार-नेपाळमधे अशा जाळ्या वाटून मोठा प्रयोग झाला तेव्हा काळा आजाराची लागण काही फारशी घटली नाही. फॅन लावा, किंवा माळवदावर वाऱ्यात झोपा.

प्रश्न: वाळूजला आमच्या रूमवर बिहारचा एक पोरगा आहे, वीस दिवसांपासून ताप, वजन उतरलंय. आम्हाला लागेल का?
– एक कामगार

उत्तर: एका ताटात जेवून किंवा शेजारी झोपून लागत नाही, मधे माशी लागते. पण दोन आठवड्यांवर ताप, भूक नाही, पोटाच्या डाव्या बाजूला पाणथरी वाढलेली, आणि माणूस काळा आजाराच्या पट्ट्यातला, तर डॉक्टरला गाव आवर्जून सांगा, कारण इकडं हा आजार चटकन डोक्यात येत नाही आणि टायफॉइड-मलेरियाच्या गोळ्यांवर महिना निघून जातो. बोटाच्या रक्तावर आरके 39 टेस्ट होते, आणि लिपोसोमल अँफोटेरिसिन या औषधाचा एकच डोस सलाईनमधून देतात. बरा झाल्यावर पुढं काही महिन्यांनी, वर्षांनीसुद्धा अंगावर फिकट डाग उठले, दुखत खाजवत नसले तरी, परत दाखवायला न्या, त्या डागांमधून माशीला जंतू मिळतो.