दुकानातल्या त्या मुलाचे आभार मानायचेत?

अगं, हातात पैसे नको कोंबूस. मोठ्या साखळी दुकानांत ग्राहकाकडून पैसे घेतलेले बहुधा चालत नाहीत. वर कॅमेरा, अडचणीत तोच येईल. त्यापेक्षा बिल जपून ठेव. तारीख, वेळ, बहुतेकदा काउंटर नंबरही त्यावर असतो, म्हणजे नाव ठाऊक नसलं तरी माणूस सापडतो. मग मॅनेजरला गाठ आणि नेमकं सांग: आईला उभं राहवेना तेव्हा स्टूल आणून दिलं, पिशव्या रिक्षात नेऊन ठेवल्या. नुसतं 'सर्व्हिस छान' म्हटलंस तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र जाऊ नकोस, मान वर करायला फुरसत नसते त्यांना. गुगलवर लिहिलंस तर त्याचा फोटो टाकू नकोस. कोपऱ्यावरचा वाणी असता तर एवढा खटाटोप कशाला, दिवाळीत फराळाचा डबा दिला असतास!