कॅनडात फ्लॅटबेड चालवायला येतोयस तर

तू माझ्याहून बराच लहान दिसतोस म्हणून सरळ अरेतुरे करतो, राग मानू नको. इस्लामपूरचा आहेस, जेएनपीटी-पुणे बारा वर्षं ट्रेलर चालवलाय, आता ओंटारियोत फ्लॅटबेडवर, म्हणजे उघड्या सपाट ट्रेलरवर, यायचंय आणि विचारतोयस की डिस्पॅचर कसे असतात, लोड आपल्याला ठरवता येतो का, आणि बायको-मुलीला लगेच आणू का. पहिली दोन उत्तरं पाच मिनिटांत होतील वाटलं होतं, तिसऱ्यावर अडकलो आणि आता रात्रीचे दोन वाजलेत. व्हिसा, लायसन्स, ट्रेनिंगचे तास हे सगळं सरकारी साइटवर आहे, ते मी लिहीत बसत नाही.

डिस्पॅचर म्हणजे आपल्याकडे ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात भाडं लावून देणारा असतो ना, तोच. फक्त हा खुर्चीत बसून तुझी गाडी स्क्रीनवर बघत असतो. माणूस वाईट नसतो, पण त्याला दिसतात माइल आणि पाउंड, ताडपत्री दिसत नाही. लाकडाचा लोड असला की दोन्ही बाजूंनी आठ-आठ फूट खाली येणारी ताडपत्री लागते, एकेक पन्नास किलोच्या घरात, जानेवारीत पत्र्यासारखी कडक झालेली, ती चढवून रबराचे हुक लावेपर्यंत तास-दीड तास सहज जातो आणि तुझं घड्याळ तिकडे चालूच असतं. अमेरिकेत ११ तास ड्रायव्हिंग, तेही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत, कॅनडात १३ तास, आणि लॉगबुक इलेक्ट्रॉनिक आहे म्हणजे आपल्यासारखं मागनं लिहून टाकू चालत नाही. त्यामुळे तो "सकाळी सातला पोचशील ना" म्हणाला की माइल भागिले साठ करू नको, पन्नासने भाग, त्यात ताडपत्री धर, बॉर्डर धर, आणि पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून पट्टे-साखळ्या परत तपासायच्या असतात तो वेळ धर, मग तोंड उघड. ताडपत्री नीट बांध एवढं मात्र दोनदा सांगतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये सस्कॅचवानमध्ये हॉकीच्या पोरांच्या बसचा अपघात झाला, १६ जण गेले, तो ट्रकवाला आपलाच, भारतातून आलेला, कामावर नवीन, आणि मागच्या ट्रेलरची ताडपत्री फडफडत होती तिकडे त्याचं लक्ष गेलेलं.

हो म्हणायच्या आधी विचारायचं: माल काय, वजन, लांबी, नग किती, ताडपत्री लागते का, आणि स्टीलची कॉइल, म्हणजे पत्र्याचं गुंडाळलेलं भेंडोळं, असेल तर मधलं भोक कुठल्या बाजूला. भोक बाजूकडे असलं तर जोरात ब्रेक लागल्यावर ती केबिनकडे गडगडायला बघते, ड्रायव्हर लोक त्याला सुसाइडच म्हणतात. नियम असा की सगळ्या बांधणीची मिळून ताकद मालाच्या निम्मी तरी पाहिजे, म्हणजे ४४,००० पाउंडांच्या कॉइलला ६,६०० वाल्या चार साखळ्या कागदावर पुरतात. मी सहा टाकतो. आणि क्रेनवाला "कुठे ठेवू" विचारतो तेव्हा बोट दाखवता आलं पाहिजे, थोडं पुढे ठेवलं की वजनकाट्यावर ड्राइव्ह अ‍ॅक्सलचे, म्हणजे ट्रकच्या मागच्या चाकांवरचे, ३४,००० पाउंड ओलांडले म्हणून समज. तेव्हा डिस्पॅचर फोन उचलत नाही.

रिटर्न भाडं. इथे आपले लोक फसतात. ओहायोत माल उतरवला की नवा डिस्पॅचर म्हणतो मिशिगनला जाणारा एक छोटा लोड आहे, घेऊन टाक. नाही घ्यायचा. कॅनडाच्या ड्रायव्हरला अमेरिकेतल्या अमेरिकेत माल वाहता येत नाही, पकडला तर अडकतोस तू, तो खुर्चीतच असतो. शिवाय भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो, तो नसेल तर लोड ठरवायची गोष्टच सोड, जे उरेल ते मिळतं.

कागदांचं काय सांगू, आरटीओच्या दाखल्यासाठी माझ्या भावाने तीन हेलपाटे घातले आणि इथल्या काउंटरवरच्या बाईने तो वाचलासुद्धा नाही. माझ्या पहिल्या मालकाने तर सांगितलं स्वतःच्या नावाने कंपनी काढ, पगार नाही, बिल लाव. मी काढली. सुट्टी नाही, ओव्हरटाइम नाही, पुढे टॅक्सचं लफडं माझ्याच गळ्यात. तुला कोणी असं म्हणालं तर तिथून ऊठ.

एकटेपणाचं म्हणशील तर, सवय होते.

आता तिसरा प्रश्न. मी २०१४ ला आलो, बायको-मुलगा २०१६ ला. मुलगा आठवीत. इथे तेव्हा आठवीतच फेब्रुवारीत नववीचे विषय ठरायचे, प्रत्येक विषयाला कोड, शेवटी डी असेल तर अकॅडमिक, पी असेल तर अप्लाइड, आणि पी घेतला की युनिव्हर्सिटीचा रस्ता जवळजवळ बंद, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. शाळेने गुरुवारी संध्याकाळी पालकांना बोलावलं होतं. बुधवारी डिस्पॅचरचा फोन, इंडियानाला कॉइल, फार अर्जंट आहे, तूच जवळ आहेस. मी हो म्हणलं. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणायचो, नाही म्हणलं तर पुढचा आठवडा यार्डात बसवतील ही भीती. बायकोचं इंग्रजी तेव्हा बेताचं, तिने शाळेतून फॉर्मचा फोटो पाठवला, मी ट्रकस्टॉपवर डिझेल भरता भरता बघितला. सगळीकडे पी होतं. मला वाटलं पी म्हणजे पास असेल. कर सही म्हणलं.

पोरगं गणितात गावाकडे पहिलं यायचं. आता एसी-फर्नेसचं काम करतो, माझ्यापेक्षा जास्त कमावतो, त्याची काही तक्रार नाही, म्हणजे बोलून तरी दाखवत नाही. नववीतला तो प्रकार सरकारने २०२२ पर्यंत बंदही केला, तुझ्या मुलीला तो लागणार नाही. पण दुसरं काहीतरी असेलच, आणि त्या संध्याकाळी तू कुठल्या राज्यात असशील ते डिस्पॅचर ठरवेल. निदान पहिलं वर्ष तू एकटा ये, नाही म्हणायला शिक, मग त्यांना आण.

ती अर्जंट कॉइल मी शुक्रवारी दुपारी पोचवली. गेटवरचा म्हणाला, उतरवणारे गेले, आता सोमवारी. तीन रात्री तिथेच गेटसमोर झोपलो.