स्लाइडवरची १४० माणसं

प्रिय मावशी,
मी २६ वर्षांची. डोंबिवलीत राहते, लोअर परळच्या एका मॅनेजमेंट कन्सल्टिंग फर्ममध्ये दीड वर्ष झालं. सोमवार ते गुरुवार चाकणला क्लायंटकडे, शुक्रवारी ऑफिस. रात्री दोनपर्यंत डेकवर, म्हणजे क्लायंटला दाखवायच्या स्लाइड्सवर, कॉमेंट्स येत राहतात. झोप जेमतेम चार तास, हल्ली आडवं पडलं की छातीत धडधडतं. सहामाही फीडबॅकमध्ये ‘मीटिंगमध्ये बोलत नाही’ असा शेरा मिळाला. आणि आता मी बनवलेल्या एक्सेलमधल्या हिशेबातून कारखान्यातली १४० माणसं ‘कमी करता येण्याजोगी’ निघाली आहेत. मी सहावीत असताना माझ्या बाबांना व्हीआरएस घ्यावी लागली होती. ते सोसायटीत कौतुकाने सांगतात, लेक मोठ्या कंपन्यांना सल्ला देते. मला त्यांच्याकडे बघवत नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू आहेत. राजीनामा देऊ का?
– झोप उडालेली

अगं, आधी त्या धडधडीचं. या शनिवारी घराजवळच्या डॉक्टरांकडे जा आणि पत्रात लिहिलंस तसंच त्यांना सांग. तपासण्या नीट आल्या आणि तरी रात्री जीव घाबरत राहिला, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बाकीचं पत्र त्यानंतर वाचलंस तरी चालेल.

तुझ्या पत्रात दोन दुखणी एकमेकांत गुंतली आहेत. एक दमणूक, दुसरं मन खाणं. दमलेल्या माणसाला सुट्टी मिळाली की पुन्हा कामावर जावंसं वाटतं. मन खात असेल तर सुट्टीत ते जास्तच खातं. तू दमली आहेस यात शंका नाही, पण पत्र तू लिहिलंस ते त्या १४० जणांमुळे.

दमणुकीबद्दल थोडक्यात. तुमच्या व्यवसायात विकला जातो तो वेळ. पार्टनर काम आणतो, आठवडे ठरवून देतो, मॅनेजर ते टीमवर वाटतो आणि जो सगळ्यात खाली त्याच्या वाट्याला रात्र येते. दोन वाजता येणारी कॉमेंट म्हणजे तुझं काम वाईट असल्याचा निकाल नव्हे. मॅनेजरला सोमवारीच विचार, या डेकमधली कुठली पानं क्लायंटसमोर खरंच उघडली जाणार? बाकीची मागे परिशिष्टात जातात, त्यांच्यासाठी जागू नकोस. आणि आठवड्यातली एक रात्र अकरानंतर लॅपटॉप बंद, हे आधीच ठरवून घे. मागितल्याशिवाय ती रात्र मिळायची नाही.

आता त्या १४० जणांकडे येते.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात पगार विभागात होते. नव्वदच्या दशकात आमच्याकडेही कन्सल्टंट आले होते. त्यांच्या यादीत पदं होती, नावं नव्हती. पगारपत्रकं मीच करायची, त्यामुळे प्रत्येक पदामागचा चेहरा मला दिसत होता, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. एक दिवस त्यांच्यातला एक तरुण मुलगा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, पुढच्या तीन वर्षांत निवृत्त कोण कोण होतंय? ओव्हरटाइमवर किती जातात? कंत्राटी माणसं कुठल्या खात्यात आहेत? दोन दुपारी आम्ही रजिस्टरं उघडून बसलो. यादी पुसली गेली नाही, पण बरीच आखडली. काही जण निवृत्तीपर्यंत थांबले, काही स्टोअर्समध्ये गेले. तो मुलगा पुढे कुठे गेला मला ठाऊक नाही. त्याने घातलेले प्रश्न मात्र मला आजही तोंडपाठ आहेत.

तुझ्या हातात एक्सेल आहे. तेच प्रश्न त्याला विचार. मशीन बंद राहण्याने किती तास वाया जातात, कच्चा माल उशिरा येतो म्हणून किती माणसं नुसती बसून राहतात, तेही बघ. शॉपफ्लोअरवर रात्रपाळीला एकदा उभी राहा. मग एका पानावर दुसरा पर्याय मांड, त्यात वाचणारे पैसे लिही आणि मॅनेजरसमोर ठेव. ‘मला वाईट वाटतं’ एवढ्यावर तुमच्याकडे कोणी थांबणार नाही, आकड्यावर थांबतील. तुमच्या क्षेत्रात ‘ऑब्लिगेशन टू डिसेंट’ म्हणतात, पटत नसेल तर बोलणं हे कर्तव्यच. तू बोलत नाहीस असा शेरा मिळालाय ना? मग हेच बोल.

हे मन खाणं तुझ्या एकटीचं नाही, या व्यवसायाइतकंच जुनं आहे. जेम्स मॅकिन्सी हे अकाउंटिंगचे प्राध्यापक. त्यांनी १९२६मध्ये शिकागोत आपली सल्लागार फर्म काढली. पुढे मार्शल फील्ड या मोठ्या दुकानाला सल्ला दिला आणि १९३५मध्ये तो अमलात आणायला स्वतःच तिथे प्रमुख म्हणून गेले. माणसं काढावी लागली, रोष ओढवला. दुसऱ्याला सल्ला देण्यापेक्षा निर्णय स्वतः घेणं किती अवघड, हे त्यांनी बोलून दाखवल्याचं सांगतात. १९३७मध्ये न्यूमोनियाने ते गेले. तुला आत्ता जो भार वाटतोय तो त्यांना पुष्कळ उशिरा वाटला.

आणखी एक. तू लोअर परळला बसतेस. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात गिरण्यांचे जवळपास अडीच लाख कामगार होते. त्या घरांमधून मला अजून पत्रं येतात. नोकरी गेल्याचं दुःख त्यांत असतंच, पण समोर बसून कोणी काही सांगितलं नाही, हे त्याहून जास्त सलतं. तुमच्या डेकमध्ये ‘कामगारांना कोण, कधी, कसं सांगणार’ हे पान आहे का? नसेल तर ते तू बनव.

एवढं करूनही आकडा तसाच पुढे गेला, तर कोणाला कुठल्या कामावर पाठवायचं ते ठरवणाऱ्या स्टाफिंगवाल्यांना स्पष्ट सांग की पुढचं काम असं नको. त्यांनी पुन्हा तेच दिलं, तर सोड. तुमच्याकडे वर चढा नाहीतर बाहेर पडा हीच रीत आहे, दोन-तीन वर्षांत निघणाऱ्याला कोणी नावं ठेवत नाही. पण राजीनाम्याआधी नेमणूकपत्र काढून वाच. नोटिस किती, जॉइनिंग बोनस परत करावा लागतो का, ते बघ. सहा हप्ते बाजूला पडू देत.

बाबांशी या रविवारी बोल. क्लायंटचं नाव, आकडे सांगू नकोस, ते तुला सांगता येणार नाहीत. (मलाही कंपनीचं नाव कळवलं नाहीस ते बरं केलंस.) फक्त एवढं सांग की अशा कामावर आहे आणि झोप लागत नाही. मग त्यांना विचार, तुम्हाला व्हीआरएसचा कागद दिला त्या दिवशी समोरच्याने काय सांगायला हवं होतं? ते आधी विषय टाळतील. चहा ठेव आणि थांब. जे सांगतील ते त्या पानाच्या उपयोगी पडेल.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

– मावशी