दुसरे नाव घेऊन खेळणारा माणूस खोटा असतो का?

ऑनलाइन खेळात भलतेच नाव घेऊन वावरणारी आणि इन्स्टाग्रामवर निराळेच आयुष्य मांडणारी माणसे खोटारडी म्हणावीत का, असे आपण विचारले आहे. सोंग घेणे आणि फसवणे या माझ्या मते दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि समोरच्याला ते सोंग आहे हे ठाऊक आहे की नाही, यावर त्यांतला फरक ठरतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात राहतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात, दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा भरतात, पुढे दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक असा हंगाम सुरू होतो आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. याच रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. दारुड्या नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला मंडपात मनसोक्त शिव्या घालणाऱ्या बाया पहाटे त्यालाच आग्रहाने चहा पाजताना मी पाहिल्या आहेत. त्या नटाला कोणी खोटा म्हणत नाही.

ऑनलाइन खेळाचेही तसेच आहे. संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ खेळणारी पोरे एकमेकांना खेळातल्या नावांनीच हाका मारतात. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तिथे, ‘तू टेकडीवर थांब, मी घरात शिरतो,’ असे खणखणीत आवाजात सांगतो आणि बाकीचे तिघे त्याचे ऐकतात. तो धीटपणा त्याचाच आहे. वर्गात त्याला वाव मिळाला नाही, एवढेच.

अडचण व्हॉट्सअॅपच्या स्टेटसपाशी सुरू होते. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून काढलेला फोटो मित्रांसाठी गंमत असते, पण तोच फोटो सोयरिकीसाठी चौकशी करणारे पाहुणेही बघतात आणि त्यांना तो खरा वाटतो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलचे निरीक्षण करून दाखवले होते की, तीच माणसे जेवणघरात एक वागतात आणि स्वयंपाकघरात दुसरे. ते १९८२ साली वारले, तेव्हा मोबाइल आपल्याकडे यायचा होता. आता जेवणघर आणि स्वयंपाकघर यांमधली भिंत स्टेटसने पाडली आहे: मित्र, मामा, मास्तर आणि कृषी केंद्राचा मालक सगळे एकाच वेळी बघतात, आणि प्रत्येकाशी वेगळे वागण्याची जी साधी सोय माणसाला असते ती उरत नाही. ही सोय मला फार मोलाची वाटते.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ मी यात धरत नाही. खेळ संपल्यावर हरलेला उठून घरी जाऊ शकला पाहिजे. कर्ज घेऊन उठणाऱ्याचा तो खेळ राहत नाही, म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे मला योग्य वाटते.

तेव्हा आपल्या ओळखीचा मुलगा खेळात कोणते नाव घेतो यावर रागावू नका. त्याचे स्टेटस कोणाकोणाला दिसते, हे मात्र त्याच्याबरोबर बसून पाहा. व्हॉट्सअॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मोजकी माणसे निवडता येतात.