इंग्रजीत ‘पर्यंत’साठी ‘बाय’ वापरायचं की ‘अन्टिल’?

मराठीत दोन्हींना ‘पर्यंत’ म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. क्रियापदाकडे बघा. काम एकदाच व्हायचं आहे आणि दिलेली वेळ ही शेवटची मुदत आहे, तर ‘बाय’: ‘सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे.’ गुरुवारी दिला तरी चालतो, शुक्रवारीही चालतो. शुक्रवार नको असेल तर ‘बिफोर फ्रायडे’ म्हणा. क्रिया त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘अन्टिल’.

फरक नीट कळतो तो एकाच वाक्यात. ‘आय विल बी इन बडोदा अन्टिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारपर्यंत मुक्काम बडोद्यात. ‘बाय फ्रायडे’ म्हटलंत तर अर्थ उलटतो: आज मी बाहेर आहे, शुक्रवारपर्यंत बडोद्याला पोहोचेन. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध, त्यामुळे चूक ऐकणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. नोकरीच्या ईमेलमध्ये हे जरूर तपासा.

‘बाय’चे बाकीचे उपयोग सोपे आहेत. बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठालगत म्हणजे ‘बाय द लेक’. गाडी पाच मिनिटांनी चुकली, तर ‘मिस्ड द ट्रेन बाय फाइव्ह मिनिट्स’. इथे ‘बाय’ किती फरकाने ते सांगतो.

वाहनाबाबत मात्र सांभाळा. ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’ यांत मध्ये ‘अ’, ‘द’, ‘माय’ काही येत नाही. स्वतःची स्कूटर सांगायची तर ‘ऑन माय स्कूटर’, गाडी असेल तर ‘इन माय कार’. आणि ‘बाय वॉक’ आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, पण बरोबर आहे ‘ऑन फूट’.