यूव्ही टॉर्च आणि चमकणाऱ्या रसायनानं विहिरीतलं विष घरच्या घरी कळतं का?

तुमची विहीर बळ्ळारी नाल्याला लागून शहापूर शिवारात, आणि ऑनलाइन दिसलेलं 'चमकणारं' रसायन आणून पाण्यात पारा-शिसं आहे का ते बघावं का, हा प्रश्न. मी बेळगावात डिग्रीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा सांगतो: नका आणू.

पारा, शिसं पाण्यात स्वतः चमकत नाहीत. चमकतो तो त्यांना ओळखणारा रेणू. वर्गात मी टॉनिक वॉटर यूव्ही टॉर्चखाली धरतो. त्यातलं क्विनीन निळं चमकतं. चमचाभर मीठ घालून ढवळलं की चमक मंदावते, कारण मिठातला क्लोराइड ती विझवतो. साखर घातली तर विझत नाही. झाला सेन्सर!

ऱ्होडामाइन या चमकणाऱ्या रंगापासून केलेले रेणू याच्या उलट. त्यांच्यातलं एक कडं मिटलेलं असेपर्यंत रंग नाही, चमक नाही. पारा चिकटला की कडं उघडतं, पाणी गुलाबी होतं आणि टॉर्चखाली नारिंगी चमकतं. कागदावर झकास. पण पाणी आम्लधर्मी असलं तरी तेच कडं उघडतं, आणि काही रेणू तांब्यालाही फसतात. त्यात पिण्याच्या पाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम. एवढ्याशाचा निवाडा नुसत्या डोळ्यांनी करायला मी तरी धजणार नाही.

आणि खरं सांगू? नाल्याकाठच्या विहिरीला पहिली भीती पाऱ्याची नाही, सांडपाण्याची. तिथं मात्र चमकणारी चाचणी भरवशाची आहे. 100 मिलिलिटर पाण्यात पावडर टाकून 35 अंशांवर 24 तास ठेवतात. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू असेल तर त्याचं एन्झाइम पावडरीतला रेणू तोडतं, आणि सुटलेला तुकडा 365 नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळा चमकतो. पाऊस ओसरल्यावर, नाल्याचं पाणी शिवारात शिरून गेल्यावर ही करून घ्याच.

सोबत नायट्रेट, म्हणजे सांडपाण्यातून आणि खतांतून पाण्यात उतरणारा क्षार, तपासा, मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाणी उकळून ते जात नाही, उलट आटल्यावर वाढतं. घरात बाटलीनं दूध पिणारं बाळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत दुधात ते पाणी नको.

शिसं-पाऱ्याची शंका असेलच तर नमुना प्रयोगशाळेत द्या. बाटली त्यांच्याकडूनच मागून घ्या. धातू तपासायच्या नमुन्याच्या बाटलीत बहुधा आधीच ॲसिडचे थेंब असतात, ती विसळायची नाही.