वाचकांचे प्रश्न : चिनी आणि जपानी भाषांतील अनामिकांचे शब्द

प्रश्न : चिनी आणि जपानी कवितांच्या अनुवादांत अनेक कवितांखाली केवळ 'अज्ञात' असे छापलेले आढळते. मूळ भाषांतही यासाठी एकच शब्द आहे, की निरनिराळे शब्द या एका शब्दात एकत्र झाले आहेत?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. मूळ शब्द अनेक आहेत आणि नाव का नाही, हेही त्यांतून बहुधा कळते. चिनी भाषेत नावाला 'मिंग' म्हणतात. त्याआधी अभाव दाखवणारे 'वू' आले की 'वूमिंग', म्हणजे ज्याला नावच नाही किंवा ज्याचे नाव झालेले नाही असा. लपवण्याच्या अर्थाचे 'नी' आले की 'नीमिंग', म्हणजे ज्याने आपले नाव हेतुपुरस्सर दडवले आहे असा. आणि हरवण्याच्या अर्थाचे 'यी' आले की 'यीमिंग', म्हणजे ज्याचे नाव एके काळी होते, पण पुढे नाहीसे झाले असा. निनावी पत्र पाठवणारा 'नीमिंग' ठरतो, तर जुन्या कवितेचा कर्ता 'यीमिंग'. हान घराण्याच्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या 'एकोणीस जुन्या कविता' सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा युवराज श्याओ तोंग याने सिद्ध केलेल्या संग्रहामुळे आपल्यापर्यंत पोहोचल्या; त्यांच्या कवींची नावे मात्र पोहोचली नाहीत. अशा कवितेखाली 'निनावी' असे छापणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या कवींनी काही लपवल्याचा पुरावा नाही.

'मिंग' या शब्दात नाव आणि नावलौकिक हे दोन्ही अर्थ असल्यामुळे चिनी विचारवंतांनी त्यावर फार गांभीर्याने लिहिले आहे. आयुष्य सरले तरी आपले नाव कोणी घेत नाही, याची सज्जनाला खंत वाटते, असे कन्फ्यूशियसचे वचन आहे. याच्या अगदी उलट, स्वतःला झाकून ठेवणे आणि नावाविना राहणे हेच ताओ विचाराचा प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या लाओझीच्या शिकवणीचे ध्येय होते, असे इतिहासकार सिमा चिएन याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास नोंदवून ठेवले आहे. त्यामुळे 'वूमिंग' हा शब्द एका ठिकाणी उणेपणा दाखवतो, तर दुसऱ्या ठिकाणी साधनेचे फळ. संदर्भ पाहिल्याखेरीज त्याचा अनुवाद करू नये. राजकीय धामधुमीत किंवा सूडाच्या भीतीने ओळख बदलून राहणाऱ्यांसाठी तर 'आडनाव लपवणे आणि नाव पुरून टाकणे' असा चार अक्षरी वाक्प्रचारच रूढ आहे.

जपानी भाषेने ही चिनी अक्षरे स्वीकारली आणि 'वूमिंग'चे 'मुमेई', 'नीमिंग'चे 'तोकुमेई' झाले. कवितेसाठी मात्र जपानीने स्वतःचा शब्द घडवला : 'योमिबितो शिराझु', म्हणजे 'रचणारा ठाऊक नाही'. इसवी सन 905 मध्ये सम्राट दाइगो याच्या आज्ञेने सुरू झालेल्या 'कोकिनशू' या संग्रहातील सुमारे अकराशे कवितांपैकी चारशेहून अधिक कवितांवर हीच नोंद आहे आणि जपानचे आजचे राष्ट्रगीत त्यांपैकीच एका कवितेवरून आलेले आहे. मात्र 'ठाऊक नाही' हे शब्द नेहमी खरे मानता येत नाहीत. कवी हलक्या दर्जाचा असेल किंवा त्याचे नाव घेणे गैरसोयीचे असेल, तेव्हाही संपादक हीच नोंद करीत. तायरा घराण्याचा योद्धा तादानोरी 1184 मध्ये इचिनोतानीच्या लढाईत मारला गेला. त्यानंतर काही वर्षांनी कवी फुजिवारा नो शुनझेई याने निवृत्त सम्राटासाठी 'सेनझाइशू' हा संग्रह सिद्ध केला, तेव्हा त्यात तादानोरीची कविता घेतली खरी, पण ते घराणे दरबाराचे शत्रू ठरलेले असल्यामुळे ती 'योमिबितो शिराझु' म्हणून घेतली. कवी कोण, हे शुनझेईला पुरेपूर ठाऊक होते. ओसाड पडलेल्या शिगा या जुन्या राजधानीत डोंगरावरील चेरी मात्र पूर्वीसारखीच फुलली आहे, असे सांगणारी ती कविता, कर्त्याचे नाव जाणून वाचली की अधिकच हेलावून टाकते.

'मुमेई' असाच उच्चार असलेला दुसरा एक शब्द तलवारींच्या संदर्भात येतो. त्यातील दुसरे अक्षर नावाचे नाही, ते कोरलेल्या लेखाचे आहे. लोहार आपली सही मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर कोरीत असे. पुढे लांब तलवारी आखूड करण्याची रीत पडली आणि पाते मुठीकडच्या बाजूने कापले जात असल्याने सहीदेखील त्याबरोबर गेली. अशा बिनसहीच्या पात्यांचा कर्ता जाणकार पोलादाच्या घडणीवरून ठरवतात.

जपानी कायद्याच्या भाषेत 'कोर्यो शिबोनिन' अशी संज्ञा आहे. तिचा शब्दशः अर्थ 'प्रवासात मरण पावलेली व्यक्ती' असा असून, 1899 च्या कायद्यानुसार ओळख न पटलेल्या आणि मृतदेह स्वीकारायला कोणी नसलेल्या मृतासाठी ती वापरली जाते. मृतदेह जिथे सापडला तेथील स्थानिक प्रशासन अंत्यविधी करते आणि मृताचे वर्णन व त्याच्याजवळच्या वस्तू यांची माहिती सरकारी राजपत्रात प्रसिद्ध करते.

प्रश्न : करंगळीशेजारच्या बोटाला आपण 'अनामिका' म्हणतो. चिनी भाषेतही तसेच आहे, हे खरे का?

उत्तर : होय. चिनी भाषेत ते 'वूमिंग-झ', म्हणजे 'नाव नसलेले बोट' आहे आणि हा प्रयोग निदान कन्फ्यूशियसच्या परंपरेतील विचारवंत मेन्सियस याच्याइतका, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाइतका जुना आहे. हे बोट वाकडे झाले तर ते सरळ करून घेण्यासाठी माणूस दूरच्या राज्यापर्यंत जाईल, पण मन इतरांसारखे नसल्याची त्याला खंत वाटत नाही, असे मेन्सियस म्हणतो. जपानीत हा चिनी शब्द 'मुमेइशि' या रूपात आहे. बोलताना मात्र लोक 'कुसुरियुबी', म्हणजे 'औषधाचे बोट' म्हणतात, कारण पूर्वी औषध कालवायला आणि लावायला हे बोट वापरीत. ओठांना रंग लावण्यासाठीही तेच वापरले जात असल्यामुळे त्याला 'रंग लावायचे बोट' असेही एक जुने जपानी नाव आहे.